वर येण्याची विद्या



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकविले. साहजिकच या व्यासपीठावरून एखाद्या मोठ्या सिद्धान्ताचे किंवा एखाद्या थोर शास्त्रज्ञाच्या कार्याचे विवेचन व्हावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आज थोडा निराळा विषय निवडला आहे. सरकारी गोदीच्या बाहेर, स्वतःच्या हिमतीवर, पदरच्या किंवा उसन्या पैशाने, एखाद्या छोट्या कारखान्यात अथवा घराच्या परसात माणसाने बांधलेली पाणबुडी, हा तो विषय.

विषय ऐकून काहींना हसू येईल. समुद्र बेळगावपासून शंभर किलोमीटरहून दूर, आणि पाणबुडी तर आरमाराची वस्तू. तिचा आणि शाळेतल्या मुलांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु पाणबुडीचा इतिहास उघडून पाहिला, तर त्याच्या आरंभीच्या पानांवर आरमारे फारशी दिसत नाहीत. तेथे भेटतात ते एक महाविद्यालयीन विद्यार्थी, एक लाकूड कातणारा कातारी, एक ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि एक शाळामास्तर. त्यांच्या यशापयशातून एकच धडा पुन्हा पुन्हा निघतो. पाण्यात बुडायला कोणतीही विद्या लागत नाही; दगडही बुडतो. बुडून पुन्हा आपल्या इच्छेने वर येणे, ही खरी विद्या. ती धाडसाने साध्य होत नाही. हिशेबाने, आणि तो हिशेब दुसऱ्याकडून तपासून घेण्याच्या तयारीने साध्य होते. आजच्या व्याख्यानात मला एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम हिशेबाकडेच वळू. आर्किमिडीजचा सिद्धान्त आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे : पाण्यात बुडालेल्या वस्तूने जेवढे पाणी बाजूला सारले असेल, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. आता दोन घनमीटर आकारमानाची, एका माणसाची छोटी पाणबुडी कल्पनेत आणा. गोड्या पाण्यात ती पूर्ण बुडाली म्हणजे २००० किलो पाणी बाजूला सारते. तिचे वजन, आतल्या माणसासह, २००० किलोहून थोडे कमी असेल तर ती तरंगेल. थोडे अधिक झाले तर तळ गाठील. म्हणजे बुडणे आणि तरंगणे यांच्यामध्ये एका धान्याच्या पोत्याचेही अंतर नाही. हीच पाणबुडी राकसकोपच्या जलाशयात अगदी काट्यावर तोलली आणि मग कारवारच्या समुद्रात नेली, असे उदाहरणादाखल समजू. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. तेथे तीच पाणबुडी २०५० किलो पाणी बाजूला सारील आणि खाली जाण्याचे नावच घेणार नाही. तिच्यात ५० किलोंची भर घालावी लागेल. याच्या उलट, समुद्रात तोललेली पाणबुडी नदीत आणली तर ती धोंड्यासारखी खाली जाईल. पाठ्यपुस्तकातील एका ओळीवर माणसाचा प्राण असा टांगलेला असतो.

हा तोल राखण्याची पहिली नामांकित खटपट केली ती डेव्हिड बुशनेल या अमेरिकन विद्यार्थ्याने. येल महाविद्यालयात शिकत असताना त्याच्या डोक्यात पाण्याखालच्या सुरुंगाची कल्पना आली, आणि १७७५ च्या सुमारास त्याने ओक लाकडाची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, एका माणसापुरती नौका बांधली. दोन कासवांच्या पाठी एकमेकींना जोडाव्यात तसा तिचा आकार असल्यामुळे तिचे नाव ‘टर्टल’ पडले. आतल्या माणसाने हाताने दांडा फिरवून मळसूत्री पंखा चालवायचा, पायाने झडप दाबून पाणी आत घ्यायचे आणि पंपाने ते बाहेर टाकायचे, अशी योजना होती. आत दिवा लावला तर तो हवा खाणार, म्हणून होकायंत्रावर अंधारात चमकणारी बुरशी लावलेली होती. आत कोंडलेली हवा सुमारे अर्धा तास पुरे.

परंतु मला या नौकेतली सर्वांत मोलाची वस्तू वाटते ती तिच्या तळाशी असलेले शिसे. त्यातले सुमारे २०० पौंड शिसे आतूनच खाली सोडता येत असे. पंप बिघडला, पाणी आत शिरले, हात थकले, तरी शिसे सोडले की नौका हलकी होऊन वर येणार. सप्टेंबर १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात एझ्रा ली हा सैनिक ही नौका घेऊन ब्रिटिश युद्धनौकेखाली गेला. सुरुंग बसविण्याची कामगिरी फसली. पण ली जिवंत परतला. पराभवाच्या दिवशीही माणूस परत आणणारे यंत्र बुशनेलने बांधले होते. आजसुद्धा हौशी माणसाने बांधलेल्या चांगल्या पाणबुडीच्या पोटाखाली असे सोडता येणारे वजन असते, आणि ते विजेच्या बटणावर न ठेवता हाताच्या दांड्याने सुटेल असे ठेवतात; कारण संकटाच्या वेळी वीज पहिली जाते.

यानंतर शाळामास्तरांची गोष्ट. जॉन फिलिप हॉलंड याचा जन्म १८४१ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर झाला. ख्रिश्चन ब्रदर्स या अध्यापन करणाऱ्या पंथात राहून त्याने तेथील अनेक शाळांतून शिकविले. प्रकृती साथ देईना म्हणून १८७३ मध्ये तो पंथाच्या बंधनातून मोकळा झाला, अमेरिकेत गेला आणि न्यू जर्सीमधील पॅटरसन या गावी पुन्हा शाळेतच शिकवू लागला. १८७५ मध्ये त्याने पाणबुडीचा आराखडा अमेरिकन आरमाराकडे पाठविला. आरमाराने तो अव्यवहार्य ठरविला. तेव्हा ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढू पाहणाऱ्या आयरिश देशभक्तांच्या निधीतून पैसा मिळवून त्याने सुमारे साडेचौदा फूट लांबीची, एकच माणूस बसेल अशी पाणबुडी बांधली. २२ मे १८७८ रोजी ती पॅसेइक नदीत सोडली आणि लोकांच्या देखत ती बुडाली.

हॉलंडने ती वर काढली आणि तिची डागडुजी केली. तिचे तेलाचे इंजिन चालेना, तेव्हा शेजारच्या वाफेच्या होडीतून रबरी नळीने वाफ आणून त्याने ते फिरविले. जून महिन्यात तो स्वतः तिच्यात बसून पाण्याखाली गेला आणि वर आला. जे शिकायचे ते शिकून झाल्यावर त्याने तिच्यातली उपयोगी सामग्री काढून घेतली आणि सांगाडा त्याच नदीत बुडवून टाकला. तो सांगाडा पुढे १९२७ मध्ये सापडला आणि पॅटरसनच्या वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आला. १८८१ मध्ये त्याने तीन माणसांची, ३१ फूट लांबीची दुसरी पाणबुडी बांधली. शेवटी त्याची सहावी पाणबुडी ११ एप्रिल १९०० रोजी त्याच अमेरिकन आरमाराने दीड लाख डॉलर देऊन विकत घेतली. पहिल्या आराखड्यापासून या दिवसापर्यंत पंचवीस वर्षे गेली होती.

हॉलंडचे खरे श्रेय एका विचारात आहे. त्याच्या आधीचे बहुतेक लोक पाणबुडीत पाणी भरून, तिला जड करून खाली नेत. हॉलंडने ठरविले की पाणबुडी पाण्याखालीही किंचित हलकीच ठेवायची. पुढे जाण्याच्या वेगाचा आणि मागच्या आडव्या पंखांचा उपयोग करून तिला तिरकी खाली दाबायची. इंजिन थांबले की दाबणारा जोर थांबेल, आणि ती आपोआप वर येईल. म्हणजे खाली जाण्यासाठी प्रयत्न हवा, वर येण्यासाठी नको. माणसाच्या हातून चूक होणार, यंत्र बंद पडणार, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. वर्गात मुले चुकणार हे ज्याने रोज पाहिले, त्या शिक्षकालाच असा विचार सुचावा, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

ज्यांनी हे गृहीत धरले नाही त्यांचेही स्मरण करणे न्याय्य होईल. इंग्लंडमध्ये जॉर्ज गॅरेट या धर्मोपदेशकाने १८७९ मध्ये वाफेवर चालणारी पाणबुडी बांधून घेतली. तिचे नाव ‘रीसर्गम’. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी पुन्हा वर येईन’. फेब्रुवारी १८८० मध्ये दुसऱ्या नौकेमागे दोराने ओढून नेली जात असता तिच्यातली माणसे त्या नौकेवर गेली. तिचे झाकण आतूनच लावता येत असे. बाहेरून ते बंद करण्याची सोयच नव्हती. लाटांचे पाणी उघड्या तोंडातून आत भरत गेले आणि ‘मी पुन्हा वर येईन’ म्हणणारी ती नौका वेल्सच्या किनाऱ्याजवळ बुडाली. ती सापडली तेव्हा १९९५ साल उजाडले होते. नाव कितीही शुभ असले, तरी झाकणाची मूठ कोणत्या बाजूला आहे हेच पाणी पाहते.

आता दाबाचा विचार करू. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब वाढतो. आकडा लहान दिसतो. पण साठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे २८०० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दहा मीटर खोलीवर त्या झाकणावर २८०० किलो वजन बसले. आत हवेचा नेहमीचाच दाब असेल, तर जगातला कोणताही पहिलवान ते झाकण बाहेर ढकलू शकणार नाही.

याचा अनुभव विल्हेल्म बाऊअर याने घेतला. हा बव्हेरियाचा तोफखान्यातला एक कनिष्ठ सैनिक, मूळचा कातारी. त्याने जर्मनीतील कील येथे पाणबुडी बांधली. पण पैसे वाचविण्यासाठी पत्रा ठरल्यापेक्षा पातळ घेण्यात आला, आणि पाणी साठविण्याच्या वेगळ्या टाक्या गाळून ते पाणी तळाशीच मोकळे ठेवण्यात आले. १ फेब्रुवारी १८५१ रोजी कीलच्या बंदरात ती खाली गेली, आतले मोकळे पाणी एका बाजूला धावले, पत्रा चेपला आणि ती तळाला बसली. आत तिघे होते. सोबतचे दोघे जिवाच्या आकांताने पाणी थोपवू पाहत होते. बाऊअरने त्यांना उलटे सांगितले : पाणी आत येऊ द्या. आतली हवा दाबली जाऊन बाहेरच्या दाबाइतकी झाली की झाकण उघडेल. बुडणाऱ्या माणसाला हे पटविणे किती अवघड झाले असेल! काही तास तसेच गेले. अखेर पाणी चढले, झाकण उघडले, आणि तिघेही हवेच्या बुडबुड्याबरोबर वर आले. बुडालेल्या पाणबुडीतून सुटल्याचे नोंदलेले हे पहिले उदाहरण. भौतिकशास्त्राचा नियम मारतो तसाच तारतो. मात्र तो त्या घटकेला आठवला पाहिजे.

पत्र्याच्या जाडीचा हिशेब तर आणखी फसवा आहे, आणि येथे मला आपल्या गावातील कारखानदार माजी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या आहेत, लेथ आहेत, उत्तम वेल्डिंग करणारे हात आहेत. एक मीटर व्यासाची, सहा मिलिमीटर जाडीची साध्या पोलादाची लांब नळी तेथे सहज तयार होईल. ती किती खोलीपर्यंत टिकेल? केवळ पोलादाच्या ताकदीवर गणित केले, तर उत्तर पावणेतीनशे मीटरांच्या पुढे येते. ते पाहून कोणीही निर्धास्त होईल. परंतु नळी बाहेरून दाबली जाते तेव्हा पोलाद थकण्याच्या कितीतरी आधी तिचा आकार मोडतो. रिकामा डबा मुठीत चेपावा तशी ती चेपते. या दुसऱ्या प्रकारचे गणित केले, तर आतून कड्यांचा आधार नसलेली ही नळी सुमारे दहा मीटरांवरच धोक्यात येते. पावणेतीनशे कोठे आणि दहा कोठे! ठरावीक अंतरावर मजबूत कड्या बसविल्या की सामर्थ्य पुष्कळ वाढते. जाडी दुप्पट केली तर आकार मोडण्याला होणारा विरोध आठपट होतो. मात्र नळी जराशी अंडाकृती झाली असेल, तर यातला बराच लाभ निघून जातो. म्हणून चांगला बांधणारा वेल्डिंगच्या आधी आणि नंतर व्यास अनेक ठिकाणी मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. अतिखोल जाणाऱ्या नौकांचा माणसे बसण्याचा भाग गोलाकार असतो, तोही याच कारणासाठी. गोलावर दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो.

तिसरा हिशेब हवेचा. बंद जागेत माणूस गुदमरतो तो प्राणवायू संपल्यामुळे, असा आपला समज असतो. गणित काय सांगते पाहा. पाणबुडीत दीड हजार लिटर मोकळी हवा आहे असे धरू. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे २५ लिटर प्राणवायू घेतो आणि सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सव्वादोन तासांनी आतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १७ टक्क्यांपर्यंतच उतरलेला असतो. तेवढ्यावर माणूस शुद्धीवर राहतो. पण त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांवर गेलेला असतो. डोके दुखू लागते, श्वास जलद होतो. पाच टक्क्यांच्या आसपास माणूस धापा टाकू लागतो आणि त्याची विचारशक्ती मंदावते. म्हणजे वर येण्याचा निर्णय ज्या मेंदूने घ्यायचा, तोच आधी निकामी होतो. म्हणून नुसत्या प्राणवायूच्या टाकीने भागत नाही. कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडालाइमसारखा पदार्थ आणि त्यातून हवा खेळविणारा पंखा, दोन्ही हवेत.

हेही पुरत नाही, याचा एक अत्यंत करुण दाखला आहे. एडविन लिंक हे अमेरिकेतील नामांकित संशोधक. वैमानिकांना जमिनीवर शिक्षण देणारे यंत्र त्यांनीच तयार केले होते. ‘जॉन्सन सी लिंक’ या छोट्या पाणबुडीच्या निर्मितीतही त्यांचा मोठा वाटा होता. जून १९७३ मध्ये फ्लॉरिडाजवळ ही पाणबुडी सुमारे ११० मीटर खोलीवर एका बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. आत चौघे होते. पुढचे दोघे पारदर्शक ॲक्रिलिकच्या गोलात होते, मागचे दोघे ॲल्युमिनिअमच्या कक्षात. शोषक पदार्थ दोन्हीकडे होता. पण ॲल्युमिनिअममधून उष्णता झपाट्याने बाहेर जाते. मागचा कक्ष गार पडला, आणि थंडीमुळे शोषक पदार्थाचे कार्य मंदावले. चोवीस तासांहून अधिक काळाने नौका वर आली तेव्हा पुढचे दोघे जिवंत होते, मागचे दोघे नव्हते. त्या दोघांपैकी एक लिंक यांचा स्वतःचा मुलगा होता. या पित्याने पुढे अडकलेल्या पाणबुड्यांच्या मदतीला जाईल असे यंत्र तयार करण्याचे काम हाती घेतले. दुःखाला त्यांनी दिलेले हे उत्तर मला अतिशय थोर वाटते.

मित्रांनो, एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल की या वाटेला न गेलेलेच बरे. तसे मला सुचवावयाचे नाही. सायमन लेक या अमेरिकन तरुणाचे उदाहरण घ्या. लहानपणी ज्यूल व्हर्नची समुद्राखालच्या सफरीची कादंबरी वाचून तो भारून गेला होता. १८९४ मध्ये त्याने पाइन लाकडाच्या फळ्यांचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये किंतानासारखे जाड कापड घालून चौदा फुटांची पेटीवजा पाणबुडी बांधली. तिला नदीच्या तळावरून चालण्यासाठी चाके होती. ती आतून हाताने फिरवायची. दाबलेली हवा साठविण्यासाठी त्याने सोडावॉटरच्या दुकानातली टाकी वापरली. नौकेच्या तळालाच एक दार होते. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका केला की दार उघडले तरी पाणी आत येत नसे. उपडा पेला पाण्यात दाबण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो, तोच हा. सामान स्वस्तातले होते, पण लेकला लाकडाची मर्यादा ठाऊक होती, म्हणून तो उथळ पाण्यातच राहिला. गरिबीत बांधलेले यंत्र धोक्याचेच असते असे नाही. आपल्या साधनांची मर्यादा नाकारणारे यंत्र धोक्याचे असते.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. जॉर्ज किट्रेज या अमेरिकन आरमारातील निवृत्त अधिकाऱ्याने अडीचशे फूट खोलीपर्यंत जाणाऱ्या एका माणसाच्या छोट्या पाणबुड्या बांधल्या आणि हौशी लोकांना त्यांचे आराखडे उपलब्ध करून दिले. कार्ल स्टॅनली या मुलाने पंधराव्या वर्षी पाणबुडी बांधायला घेतली. तिला मोटारच नव्हती. वजन कमीजास्त करून ती पाण्यातून घारीसारखी तरंगत पुढे सरके. तिला पुरी व्हायला काही वर्षे लागली. पुढे त्याने दुसरी, अधिक खोल जाणारी पाणबुडी बांधली आणि होंडुरासमधील रोआतान बेटावर तो प्रवाशांना समुद्रतळ दाखवू लागला. अशा जाणत्या हौशी लोकांची चाचणीची रीत शिकण्यासारखी आहे. प्रथम रिकामी पाणबुडी, आत कोणी न बसता, दोराने नेहमीच्या खोलीपेक्षा अधिक खोल सोडायची, काही काळ तेथे ठेवायची, वर आणून पुन्हा मोजायची. मग माणूस आत बसवून पोहण्याच्या तलावाइतक्या पाण्यात. मग थोडे खोल, शेजारी पाणबुड्या ठेवून. प्रत्येक पायरीची नोंद करायची, आणि नोंदीत काही खटकले तर पुढची पायरी नाही.

हीच शिस्त सोडली म्हणजे काय होते, ते जगाने अलीकडेच पाहिले. १८ जून २०२३ रोजी ‘टायटन’ ही खासगी पाणबुडी, सुमारे ३८०० मीटर खोलीवरचे ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यासाठी जात असता चिरडली गेली. पाचही जण क्षणार्धात गेले. त्यांत एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, आणि पाणबुडी बांधणाऱ्या कंपनीचे प्रमुख स्टॉक्टन रश हेही होते. ही परसातली नौका नव्हे; हाताशी पैसा होता, अभियंते होते. तिचे नळीसारखे कवच कार्बनच्या तंतूंचे होते, आणि जहाजे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्याही संस्थेकडून ती तपासून घेतलेली नव्हती. कंपनीतल्याच एका जबाबदार अधिकाऱ्याने २०१८ मध्ये लेखी शंका काढली. त्याला काढून टाकण्यात आले. २०१९ मध्ये आताच उल्लेखिलेला कार्ल स्टॅनली बहामा बेटांजवळ रश यांच्यासह तिच्यात बसून खाली गेला. कवचातून तडतडण्याचे आवाज ऐकून त्याने रश यांना लिहून कळविले की थांबा, तपासा. त्या कवचात पुढे भेग सापडली आणि ते बदलावे लागले; नवे कवचही कार्बन तंतूंचेच केले. जुलै २०२२ मध्ये एका सफरीत वर येताना मोठा आवाज झाला, आणि कवचावरील मापकांच्या नोंदी त्यानंतर बदललेल्या दिसत होत्या. तरीही पुढच्या वर्षी तेच कवच पुन्हा समुद्रात उतरले. अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात हा अपघात टाळता आला असता असे स्पष्ट म्हटले.

मला यातली सर्वांत खेदाची गोष्ट ही वाटते की नोंद होती. मोजणारी उपकरणे होती, आकडे उमटले होते, सांगणारी माणसेही होती. वही लिहिली गेली, पण वाचली गेली नाही. स्वतः बांधलेल्या यंत्रात स्वतः बसणारा माणूस प्रामाणिकच असतो. पण प्रामाणिक माणूसही स्वतःच्या कृतीवर जीव जडवून बसतो, आणि मग प्रतिकूल आकडा त्याच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. हॉलंडची पहिली पाणबुडी लोकांसमोर बुडाली, हे त्याचे दुर्दैव म्हणता येईल. मला ते भाग्यही वाटते. सर्वांदेखत झालेली चूक लपविता येत नाही, ती दुरुस्तच करावी लागते. शिवाय एकट्याने स्वतःचा जीव पणाला लावणे वेगळे, आणि आपल्या हिशेबावर दुसऱ्याचे मूल आत बसविणे वेगळे. दुसऱ्याला आत घेतले की तपासणी हा ऐच्छिक विषय राहत नाही, तो धर्म होतो.

आपल्या देशातही आता माणसे घेऊन सहा हजार मीटर खोल जाणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ या नौकेचे काम चेन्नई येथील राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतले आहे. तिघांना बसण्यासाठी सुमारे २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनिअमचा गोल, अशी तिची योजना आहे. सहा हजार मीटरांवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६०० किलो दाब असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एका म्हशीचा भार. या कामासाठी उद्या ज्या तरुणांची गरज लागेल, ते आज कोणत्या तरी शाळेच्या बाकावर बसलेले आहेत. ते या शाळेच्याही बाकावर का नसावेत?

तेव्हा पालकांना आणि शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या वहीत पाणबुडीचे चित्र काढून आपल्यासमोर आली, तर तिला हसू नका, आणि ‘वा, शाबास’ म्हणून मोकळेही होऊ नका. तिला विचारा : हिचे वजन किती, ही पाणी किती बाजूला सारते, झाकण कोणत्या बाजूने उघडते, आत श्वास किती वेळ पुरेल, आणि सगळे बिघडले तर ही वर कशी येईल? या पाच प्रश्नांची उत्तरे शोधताना ते मूल जेवढे भौतिकशास्त्र शिकेल, तेवढे पाठांतराने शिकणार नाही. आधी बाटलीची पाणबुडी बादलीत बुडवून वर आणू दे. मग टाकीत एक लहान नमुना. माणूस बसेल अशी पाणबुडी ही फार पुढची, जाणत्यांच्या देखरेखीची पायरी. ती कधी आली नाही तरी काही बिघडत नाही. प्रश्न विचारण्याची सवय तर लागलेली असेल.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापुढे अनेक खोल पाणी येतील. सगळीच समुद्राची नसतील. तेथे उतरायला कोणी मना करू नये. मात्र उतरण्यापूर्वी तळाशी सोडता येणारे वजन बांधले आहे ना, आणि आपला हिशेब दुसऱ्या कोणाला दाखविला आहे ना, एवढे पाहून घ्या. प्रयोगवहीत निरीक्षण आधी लिहावे आणि निष्कर्ष नंतर, हा नियम विज्ञानाच्या प्रत्येक चांगल्या शिक्षकाने मुलांच्या मनावर बिंबविलेला असतो. पाण्याखाली त्या नियमाचे मोल प्राणाएवढे असते.